पहिली कादंबरी लिहून झाली, आता पुढे काय? नव्या लेखकांसाठी प्रकाशनाची वाट

मराठीत पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसाची खरी पंचाईत लिहून झाल्यावर सुरू होते. इंग्रजीत लिटररी एजंट असतो, तो लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलतो, करार तपासतो. आपल्याकडे असा मधला माणूस जवळजवळ नाहीच. संहिता आपणच प्रकाशकाच्या टेबलापर्यंत न्यायची, उत्तराची वाट आपणच पाहायची आणि करारावर सही करण्याआधी तो आपणच वाचायचा. माझी पहिली कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशनाने काढली. त्या सगळ्या वाटेवर जे कळत गेलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. कादंबरी कशी लिहावी हा या लेखाचा विषय नाही. तुमचा पहिला खर्डा झाला आहे किंवा होत आला आहे, असं धरून चालते.

एक गोष्ट आधीच सांगते. पुस्तक छापून घेणं आज अजिबात अवघड नाही. पैसे मोजले की थोड्या दिवसांत गठ्ठे घरी येऊन पडतात. अवघड असतं ते पुस्तकावर कुणी जाणत्याने संपादनाचा हात फिरवणं आणि ते नागपूरच्या दुकानात, कणकवलीच्या वाचनालयात पोचणं. प्रकाशक हवा तो या दोन कामांसाठी. समोरचा माणूस ही दोन कामं करणार आहे का, हे प्रत्येक टप्प्यावर विचारत राहा.

१. कादंबरी पूर्ण करा आणि काही दिवस बाजूला ठेवा

नवोदित लेखकाची अर्धी कादंबरी कुणी स्वीकारत नाही. 'तीन प्रकरणं पाठवतो, आवडली तर पुढचं लिहितो' हे माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत चालतं, कादंबरीच्या बाबतीत नाही. शेवटची ओळ लिहून झाली की महिना-दोन महिने ती फाइल उघडू नका. मग मोठ्याने वाचा. संवाद कुठे पुस्तकी झालेत ते कानाला लगेच कळतं.

त्यानंतर दोन-तीन जणांना वाचायला द्या, पण घरच्यांना नको. त्यांतला एक जण कादंबरीतल्या जगातला असावा. ऊसतोड कामगारांवर लिहिलं असेल तर बीडकडचा, टोळीबरोबर कारखान्यावर जाऊन आलेला माणूस शोधा. कोयता, बैलगाडी, मुकादमाची उचल यांतली चूक तो एका वाचनात पकडेल. 'कशी वाटली?' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'कुठे वाचायचं थांबलात? कुठलं पात्र खोटं वाटलं?' असं विचारा.

लांबीबद्दल: डेमी आकाराच्या, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या, छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे पन्नास-साठ हजार शब्दांची कादंबरी दोनशे पानांच्या आसपास जाते. नव्या लेखकाच्या पाचशे पानी कादंबरीपुढे प्रकाशक बिचकतो, कारण पानं वाढली की किंमत वाढते. मात्र केवळ त्या भीतीने कादंबरी कापू नका. कापायची तर ती सैल झाली आहे म्हणून कापा.

२. संहिता युनिकोडमध्ये तयार करा

हाताने लिहिलेला मजकूर अजूनही काही ठिकाणी घेतात, पण टाइप केलेली फाइल सगळ्यांनाच सोयीची. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, असू द्या. मोबाइलवर जीबोर्डने बोलून लिहिलेलं चालतं, संगणकावर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकून घेतलात तर फारच उत्तम. गावातल्या डीटीपी केंद्रात मजकूर टाइप करून घेणार असाल तर आधीच विचारा, 'श्रीलिपीत करणार की युनिकोडमध्ये?' श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल रूपांतरित करताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, मग सगळं पुस्तक ओळीओळीने तपासावं लागतं.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत. त्यांतले पहिले चौदा १९६२ सालचे आणि चार नंतर १९७२ मध्ये आलेले. एकूण अठराच आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेली संहिता कुणी लगेच नाकारत नाही, पण वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्या पानावरच डळमळतो.

बोलीत संवाद लिहिणाऱ्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्यावं. माझ्या कादंबरीतली म्हातारी म्हणते, 'न्हाई गं, त्यो कवाच गेला.' प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या पानांत, लाल शाईने ते झालं होतं, 'नाही गं, तो केव्हाच गेला.' मुद्रितशोधकाने, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्याने, आपलं काम इमानदारीने केलं होतं, पण त्या एका दुरुस्तीने म्हातारी सदाशिव पेठेत राहायला गेली. यावर उपाय सोपा आहे. संहितेबरोबर एक पान जोडा: 'पुढील रूपं बोलीतली आहेत, बदलू नयेत.' खाली यादी द्या: न्हाई, व्हतं, कवा, त्यो, आन्, म्हंजी. आणि स्वतःही काटेकोर राहा. एकच पात्र एका पानावर 'व्हतं' आणि दुसऱ्या पानावर 'होतं' म्हणत असेल, तर मुद्रितशोधक कशावर विश्वास ठेवणार?

३. कादंबरीआधी नाव छापून येऊ द्या

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून सुरू झाली. आजही नव्या लेखकाला प्रकाशकांच्या नजरेत येण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण प्रकाशनांचे संपादक हे अंक वाचतात. कादंबरीतलं स्वतंत्र उभं राहील असं प्रकरण दीर्घकथा म्हणून पाठवा. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघत असले तरी मजकूर फार आधी ठरतो, म्हणून मे-जूनपर्यंत पाठवलेलं बरं. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन मंचावर क्रमशः लिहून वाचक मिळवता येतात. मात्र संपूर्ण कादंबरी तिथे टाकली असेल, तर प्रकाशकाला ते पहिल्याच पत्रात सांगा आणि मंचाच्या अटींमध्ये हक्कांबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचून ठेवा.

४. प्रकाशक शोधा, तोही दुकानात जाऊन

पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर, किंवा तुमच्या जिल्ह्याच्या गावातलं पुस्तकांचं दुकान. तिथे जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांतल्या कादंबऱ्या हातात घ्या. मौज, पॉप्युलर, राजहंस, मॅजेस्टिक, मेहता, रोहन, शब्द, लोकवाङ्मय गृह, साकेत अशी नावं दिसतील आणि छोट्या गावांतून चालणारी, कमी पण निवडक पुस्तकं काढणारी प्रकाशनंही दिसतील. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो. काहींचा भर अनुवादांवर असतो, काही प्रामुख्याने वैचारिक पुस्तकं काढतात.

पाहायच्या गोष्टी चार. त्यांनी नव्या लेखकाची कादंबरी अलीकडे काढली आहे का? पहिल्या दहा पानांत मुद्रणदोष किती? पुस्तक त्यांच्या गावाबाहेरच्या दुकानात दिसतं का? आणि दुकानदार त्यांच्याबद्दल काय म्हणतो? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. कुणाची पुस्तकं मागणीप्रमाणे वेळेवर येतात आणि कुणाची फोन करूनही येत नाहीत, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. यातून पाच-सहा नावांची यादी करा, मोठ्या नावांवर अडून राहू नका.

५. संहिता पाठवा

आधी फोन किंवा ईमेल करून विचारा, 'सध्या कादंबरी पाहता का? कशी पाठवू?' मग पुढील सामान एकत्र करा:

- संपूर्ण संहिता, युनिकोडमधली वर्ड फाइल आणि पीडीएफ, पानांना क्रमांक घातलेली
- एक पानाचं पत्र
- दोन पानांचं कथासार, शेवटासकट (शेवट लपवू नका, संपादकाला तो हवाच असतो)
- शंभर-दीडशे शब्दांत स्वतःचा परिचय
- आधी छापून आलेल्या लेखनाची यादी किंवा कात्रणं
- बोलीतल्या रूपांची यादी, असल्यास

पत्रात कौतुक मागू नका. 'माझ्या आयुष्याचं स्वप्न आहे' हे खरं असलं तरी ते संपादकाच्या उपयोगाचं नाही. त्यापेक्षा असं लिहा: 'ही कादंबरी कोयना धरणामुळे उठलेल्या एका गावाच्या तीन पिढ्यांची आहे. लांबी सुमारे पंचावन्न हजार शब्द. यातलं एक प्रकरण दिवाळी अंकात प्रसिद्ध झालं आहे.' बस.

उत्तराला तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे, कधी त्याहून जास्तही. तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारणा करा, दर आठवड्याला फोन नको. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवत असाल तर दोघांनाही तसं कळवा. हाताने लिहिलेली एकमेव प्रत तर कधीही टपालात टाकू नका, झेरॉक्स पाठवा.

नकार आला आणि त्यात एखादी जरी नेमकी सूचना असली, तर ती जपून ठेवा. संपादक वेळ काढून दोन ओळी लिहितो, म्हणजे त्याने कादंबरी खरोखर वाचलेली असते. दोन वेगवेगळ्या संपादकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे काम करायला हवं.

६. पैसे मागितले तर

सर्वांत जास्त नवे लेखक इथे फसतात, म्हणून सविस्तर सांगते.

एक प्रकार असा की प्रकाशक सगळा खर्च करतो आणि तुम्हाला मानधन देतो. दुसऱ्यात प्रकाशक म्हणतो, 'छापतो, पण दोनशे-तीनशे प्रती तुम्ही विकत घ्या.' तिसऱ्यात सगळा खर्च लेखकाचा, नाव फक्त प्रकाशनाचं. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची असे, आता पाचशेची किंवा त्याहून लहानही निघते. ग्रंथालयांची खरेदी लांबली की छोटा प्रकाशक खरोखरच अडचणीत येतो. त्यामुळे पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड असतो, असं मी म्हणणार नाही. पण पैसे देण्याआधी पुढील गोष्टींची उत्तरं लेखी घ्या:

- नक्की किती प्रती छापणार? छपाईचं बिल दाखवणार का?
- माझ्या पैशांतून छापलेल्या प्रतींची मालकी कुणाची? उरलेला साठा कुठे राहणार?
- वितरक कोण? कोणत्या गावांतल्या दुकानांत पुस्तक जाणार?
- संपादन आणि मुद्रितशोधन कोण करणार?
- प्रताधिकार (कॉपीराइट) कुणाच्या नावावर राहणार?

वितरकाच्या प्रश्नावर समोरचा गुळमुळीत बोलू लागला तर तिथेच थांबा. त्याच्याकडे छापखाना असेल, वाचकापर्यंत जाण्याची सोय नाही. 'स्पर्धेत निवड झाली आहे, तुमचा सहभाग एवढा' अशी पत्रंही येतात. ज्या निवडीसाठी निवडलेल्यालाच पैसे भरावे लागतात, ती निवड नसते. आणि घरातले दागिने मोडून किंवा कर्ज काढून पहिली कादंबरी छापू नका, हे मी हात जोडून सांगते. चांगली कादंबरी एक वर्ष थांबली तर तिचं काही बिघडत नाही.

थांबण्याच्या काळात एक दार जरूर ठोठावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. ज्यांचं पुस्तक अजून आलेलं नाही अशांच्या संहिता मंडळ मागवतं, तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्या संहितेच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. कादंबरीही त्यात बसते. वर्तमानपत्रांत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर निवेदन येतं. त्या वर्षीच्या अटी आणि मुदत त्यातच पाहा.

७. करार वाचा, मगच सही

प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणूनच 'कथा चोरतील' या भीतीने संहिता कपाटात ठेवू नका. तारखेचे ईमेल जपून ठेवा आणि मन मानत नसेल तर प्रताधिकार कार्यालयात नोंदणी करून टाका.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच देता येतात. कायद्याने यात लेखकाची बरीच बाजू राखली आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशकाने हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते सुटतात. करारात वेगळं लिहिलं असेल तर मात्र नाही. म्हणून 'वेगळं' काय लिहिलं आहे ते पाहणं महत्त्वाचं.

मानधन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. पण दहा टक्के कशाचे, हे विचारा. समजा पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आहे. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. विक्रेत्या-वितरकाची निम्मी सूट वजा करून उरलेल्या रकमेवर दहा टक्के म्हणजे पंधरा. करारातल्या एका शब्दाने तुमचं मानधन निम्मं होतं.

ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट-मालिका यांचे हक्क वेगवेगळ्या कलमांत लिहून घ्या. 'सर्व प्रकारचे सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर सही करू नका, बदल मागा. प्रकाशक बहुतेक वेळा ऐकतात. आवृत्ती किती प्रतींची, लेखकाला विनामूल्य प्रती किती, पुस्तक संपून अमुक काळ पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत, हेही त्यात असू द्या. या वेळी पॅन कार्ड आणि बँक खात्याचा तपशील लागेल.

कादंबरीत दुसऱ्याची कविता किंवा चित्रपटगीत वापरलं असेल तर परवानगी तुम्हालाच आणावी लागते. तुकोबांचा अभंग, ज्ञानेश्वरीतली ओवी यांना ती लागत नाही.

८. संपादन, प्रुफं, मुखपृष्ठ

मराठीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक होऊन गेले, जे लेखकाबरोबर बसून संहितेवर महिनोन् महिने काम करत. आज अनेक प्रकाशनांत पूर्णवेळ संपादक नसतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, 'माझ्या कादंबरीवर कोण काम करणार आहे?' संपादकाच्या सूचना आल्या की दोन दिवस उत्तर देऊ नका. राग ओसरला की त्यातल्या निम्म्याहून अधिक पटतात. जी पटत नाही, तिच्याबद्दल कारण देऊन ठाम राहा.

प्रुफं कागदावर वाचा. पात्रांची वयं, नात्यातली नावं, सणांचे महिने आणि पावसाळा-उन्हाळा हे वेगळं एकदा तपासा. गौरी-गणपतीच्या प्रसंगात आंब्याचा मोहर आला असेल, तर तो मुद्रितशोधकाला दिसेलच असं नाही. पानांची मांडणी झाल्यावर नवे परिच्छेद घालू नका. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, छापलं जातं. दोन पानं वाढली की प्रकाशकाचं सगळं गणित बदलतं.

नव्या कादंबरीला नामवंतांची लांबलचक प्रस्तावना लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मलपृष्ठावरचे शंभर चांगले शब्द पुरतात.

९. स्वतःच प्रकाशित करायचं असेल तर

हाही सन्मानाचा मार्ग आहे, फक्त सगळी कामं आपल्या अंगावर येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. छापल्यानंतर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येतं. छापील प्रतींसाठी मागणीनुसार छपाई, म्हणजे जेवढी मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणं, हा सर्वांत कमी जोखमीचा पर्याय आहे. मुद्रितशोधकाचे पैसे मात्र वाचवू नका.

१०. पुस्तक हातात आल्यावर

प्रकाशन समारंभावर मोठा खर्च करू नका. तो पैसा अभिप्रायासाठीच्या प्रती आणि टपालावर घालवा. तालुक्याच्या वाचनालयांत स्वतः जा, ग्रंथपालांना भेटा. मराठी कादंबरीचे बरेच वाचक अजूनही तिथेच असतात. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आणि राज्याची ग्रंथ निवड यांतून ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडली जातात; त्यांसाठी प्रकाशक पुस्तक पाठवणार आहे का, ते विचारून ठेवा.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी वेगळा विभाग असतो. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कारही लक्षात ठेवा. पुरस्कारांसाठी प्रकाशनाचं वर्ष महत्त्वाचं, म्हणून श्रेयनामावलीच्या पानावर 'प्रथम आवृत्ती' आणि तारीख नीट छापली आहे ना, ते छपाईआधीच पाहा.

मानधनाचा हिशेब दर वर्षी मागा, विक्री शून्य असली तरी कागदावर. आणि पहिल्या प्रतींमधली एक प्रत दुरुस्तीसाठी वेगळी काढा. वाचकांनी कळवलेली, तुम्हाला सापडलेली प्रत्येक चूक पेन्सिलीने तिच्यात टिपत जा. दुसऱ्या आवृत्तीचा फोन येईल तेव्हा प्रकाशक दोन-चार दिवसांचीच मुदत देतो, त्या वेळी तीच प्रत त्याच्याकडे पाठवायची.